चौसष्ट घरांचं गरम पाणी

दहा चाळीसला गीझर टक् करून लागला आणि तीन सेकंदांनी टक् करून बंद झाला. कालिंदीबाई साबळे तेव्हा मेथी निवडत होत्या. गीझर दुपारी साडेबाराच्या आधी लागायचं काही कारण नव्हतं. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ कान दिला आणि पुन्हा मेथी ओढली. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मात्र त्या दहा पस्तीसलाच बाथरूमच्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकून, वही आणि पेन घेऊन बसल्या.

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी बत्तीस वर्षं सहायक म्हणून काढली होती. मुलांनी मनानं लिहिलेलं रीडिंग त्या लांबून ओळखायच्या, कारण ते नेहमी जरा जास्तच नीटनेटकं असायचं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, नोकरी संपून चार. आता घरात त्या एकट्याच होत्या, पण हाताला वहीची सवय राहिली होती ती राहिलीच.

वहीत लिहिलं, १०.४०.००. टक्. १०.४०.०३. टक्.

बिघडलेलं यंत्र इतकं वक्तशीर नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये रेहाना मुजावर राहायची. दोघींची ओळख अठ्ठावीस वर्षांची. रेहाना ब्लाउज शिवायची आणि सध्या तिची लेक समीना बाळंतपणाला आलेली होती, त्यामुळे मशीनवर दुपट्यांचा ढीग होता.

"माझाही करतो टकटक," मशीनवरून मान न उचलता रेहाना म्हणाली. "महिना झाला असेल. पाणी गरम येतंय ना? मग करू दे की."

"पण का करतो?"

"तुला बाई उद्योग नाही दुसरा."

कालिंदीबाईंनी तिच्या गीझरच्या पोटाखालचा स्टिकर वाचला. बसवणाऱ्या कारागिराला यंत्र चालू करण्यासाठी जो सहा आकडी संकेतांक लागतो, तो त्यावर छापलेला होता. घरी येऊन त्यांनी आपला स्टिकर पाहिला. आकडा तोच होता. मग जिन्यात भेटलेल्या दोघांना विचारलं. त्यांचाही तोच.

हे गीझर नव्या पद्धतीचे होते. गेल्या काही वर्षांत सूर्याची वीज इतकी झाली होती की भर दुपारी ती वापरायची कुणी, असा प्रश्न पडायचा, आणि संध्याकाळी सूर्य गेला की विजेची ओढाताण. म्हणून एका योजनेत घरोघरी थर्मासच्या जातीच्या जाड टाकीचे गीझर बसवले गेले. दुपारी केंद्रातून इशारा यायचा, लाखो टाक्या एकदम तापायच्या आणि पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम राहायचं. राज्यात असे तीस लाख गीझर होते. लोकांना स्वस्तात गरम पाणी मिळत होतं, आणि इशारा कुठून येतो याची चौकशी करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. कालिंदीबाईंच्याही नाही.

कॉलेजनं भंगारात काढलेला एक वारंवारतामापक त्यांनी रीतसर परवानगी घेऊन घरी आणला होता. पाचव्या दिवशी तो माळ्यावरून काढला, पुसला आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटला जोडला. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असते. देशभर त्या क्षणाला जितकी वीज लागते तितकीच त्या क्षणाला तयार होत असेल, तर हा आकडा पन्नासच्या आसपास स्थिर राहतो. मागणी वाढली की चढावर लागलेल्या सायकलीसारखा तो मंदावतो. आणि सगळा देश एकाच जाळ्याला जोडलेला असल्यामुळे साताऱ्याच्या सॉकेटमध्ये जो आकडा दिसतो, तोच गुवाहाटीतही दिसतो. एका घरातला गीझर लागला काय नि बंद झाला काय, त्याला पत्ताही लागत नाही.

दहा चाळीस. टक्. मापकावर ४९.९८१ होतं. ते ४९.९६२ झालं आणि मग सावकाश पुन्हा वर आलं.

कालिंदीबाई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना आधी वाटला तो आनंद. सगळ्या देशाची वीज आपल्या ओट्यावर क्षणभर थरथरलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. इतका देखणा प्रयोग बत्तीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता. भीती वाटली ती नंतर, भाजी फोडणीला टाकताना. आकडा एवढा हलायला लाखाच्या वर गीझर एकाच ठोक्याला लागले असणार. कुणीतरी ते लावत होतं आणि काय होतं ते बघत होतं. म्हणजे त्याच्याकडेही एक वही असणार.

पुढचे चार दिवस त्यांनी नोंदी ठेवल्या. घसरण रोज वाढत होती.

गीझरच्या तक्रार-क्रमांकावर फोन केला तर यंत्राचा गोड आवाज आला, "आपल्या गीझरमधून गरम पाणी येत आहे का?" बाई हो म्हणाल्या. "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे," असं म्हणून फोन बंद झाला. सोसायटीच्या रविवारच्या बैठकीत त्यांनी विषय काढला, तेव्हा पार्किंगवरून भांडण रंगात आलं होतं.

"साबळेवहिनी," अध्यक्ष निकमसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आपल्या बाथरूममध्ये बघण्यासारखं काय आहे? कोण कशाला शिरेल आपल्या गीझरात?"

लोक हसले. कालिंदीबाईंनाही हसू आलं, पण त्या खाली बसल्या नाहीत. "तुमच्या घरातलं काही न्यायला कुणी आलेलं नाही. तुमचं बटण त्याच्या हातात आहे, एवढंच त्याला पुरे आहे."

"बरं, बरं. पुढचा विषय."

मग त्यांनी पराग खटावकरला फोन लावला. पराग त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेला. आता राज्याच्या वीजनियंत्रण कक्षात अभियंता होता, अजूनही दिवाळीला फोन करायचा.

"बाई, दहा चाळीस?" त्याचा आवाज एकदम बदलला. "आम्हाला दिसतंय ते. आम्ही समजत होतो एखादा मोठा कारखाना भट्टी लावतोय. थांबा जरा." बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज आला. "तुमच्या वेळा सेकंदाला जुळतायत. आजची घसरण म्हणजे सव्वादोन लाख गीझर झाले."

"आणि तीसच्या तीस लाख एकदम लागले तर?"

"पूर्वी निभावलं असतं. तेव्हा वीजकेंद्रांत शेकडो टन वजनाची चाकं फिरत असायची. धक्का बसला तरी चाक आपल्या वजनानं फिरत राहायचं आणि आम्हाला सावरायला वेळ मिळायचा. आता अर्धी चाकं बंद आहेत. सौर पॅनेलला ते वजन नाही, बाई, त्यात फिरणारं काही नाही. संध्याकाळी, सूर्य गेल्यावर कुणी हे केलं, तर आमच्या हातात काही सेकंद असतील."

"मग कंपनीला सांग, तो संकेतांक बदलायला."

"कंपनीनं दुरुस्ती कधीच पाठवलीय. ऑगस्टमध्ये. पण नवा कायदा आहे ना, घरातल्या कुठल्याही यंत्रात मालकाच्या संमतीशिवाय बदल करायचा नाही. कायदा चांगलाच आहे, लोकांनी भांडून मिळवलाय. मालकानं फोनवर 'मंजूर' दाबायचं, की संकेतांक बदलतो. एवढंच करायचंय. अकरा टक्के लोकांनी दाबलंय."

कालिंदीबाईंनी फोन कानावरून काढला आणि गीझरचं ॲप उघडलं. कोपऱ्यात लाल ठिपका होता. सुरक्षा सुधारणा, संमती बाकी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आपण ही सूचना नऊ वेळा पुढे ढकलली आहे.

त्यांचे कान तापले. मंजूर दाबायला सात सेकंद लागले. मोजलेच त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून त्या सोसायटीच्या चारही इमारतींत दारोदार फिरल्या. चौसष्ट घरं. लोकांनी चहा विचारला, गुडघ्यांची चौकशी केली. कुणी म्हणालं, पासवर्ड मुलाकडे आहे आणि मुलगा पुण्याला आहे. कुणी म्हणालं, असल्या गोष्टी दाबायच्या नसतात, पैसे जातात. यात वावगं काही नव्हतं, लोक शहाणपणानंच वागत होते. रेहानाकडे त्या दोनदा गेल्या. पहिल्यांदा ती दवाखान्यात निघाली होती, समीनाला कळा सुरू झाल्या होत्या. दुसऱ्यांदा बाळ घरी आलं होतं, मुलगी, आणि घरात पाहुण्यांची गर्दी होती. "करते गं निवांत," रेहाना म्हणाली आणि पेढा हातावर ठेवला.

पाच दिवसांत, त्यांचं स्वतःचं धरून, नऊ घरं झाली. परागचे वरिष्ठ कायदेशीर सल्ला मागवत होते. दहा चाळीसची घसरण दुपटीवर गेली होती. आणि सहाव्या दिवशी तो टक् आवाज दहा चाळीसला आलाच नाही. तो संध्याकाळी सहा पन्नासला आला.

कालिंदीबाईंना समजलं, वेळ ठरली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्या गच्चीवर गेल्या. कारागिरांचं ॲप कुणालाही उतरवून घेता येत होतं. त्यात तो सहा आकडी संकेतांक घातला तशी पडद्यावर यादी आली. ए-१०१, ए-१०२, ए-१०३. आजूबाजूचे सगळे गीझर फ्लॅट नंबरासकट दिसत होते. ज्यांनी मंजूर दाबलं होतं त्यांच्यापुढे कुलूप होतं. बाकी पंचावन्न उघडे. प्रत्येकासमोर एक पर्याय होता, 'दुरुस्तीसाठी बंद'. तो निवडला की टाकीतून गरम पाणी सुटणं थांबायचं आणि मालकाच्या फोनवर मोठ्या अक्षरांत येणार होतं, गीझर सुरू करण्यासाठी सुरक्षा सुधारणा मंजूर करा.

कायदा त्यांना माहीत होता. हे दुसऱ्याच्या घरात शिरणं होतं, त्याला त्यांच्याकडेही दुसरा शब्द नव्हता. एक एक नंबर दाबताना त्या घरातली माणसं डोळ्यांसमोर येत होती. बी-२०४ वर बोट थांबलं. रेहाना. बाळ पाच दिवसांचं होतं. गॅस आहे, पातेलं आहे, एक दिवस पाणी तापवून घेईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एक घर सोडलं तर बाकीची कुठल्या तोंडानं बंद केली, असंही म्हणाल्या. आणि दाबलं.

सकाळी साडेसहाला पहिली आरोळी ऐकू आली. सातपर्यंत जिन्यात माणसं जमली होती, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी अर्ध्या डोक्याला साबण लावून. डिसेंबरचं गार पाणी. नऊपर्यंत पंचावन्नातल्या एकोणपन्नास घरांनी मंजूर दाबलं. जे चार महिन्यांत झालं नव्हतं ते अडीच तासांत झालं.

दहाला कालिंदीबाई स्वतःहून खाली गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी केलं."

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग निकमसाहेबांचा आवाज चढला. "तुम्ही आमच्या घरात शिरलात?"

"हो. स्टिकरवरच्या आकड्यानं. माझ्या आधीही कुणीतरी रोज शिरत होतं."

"ते दुसऱ्याचं राहू द्या! तुम्ही शेजारी आहात!"

दुपारी निकमसाहेबांनी पोलिसांत तक्रार दिली, अकरा घरांच्या सह्या घेऊन.

रेहाना खाली आलीच नव्हती. संध्याकाळी कालिंदीबाईंनी तिची बेल वाजवली. तिनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"समीना न्हाणीत बसली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "अंगाला तेल लावलेलं. एकदम गार पाण्याचा तांब्या पडला पाठीवर. किंचाळली. तिला काही झालं नाही, पण मी घाबरले ना गं. आणि मग कळलं, तू केलंस."

"मी दोनदा आले होते तुझ्याकडे."

"आली होतीस. मी टाळलं. माझी चूकच आहे. पण तिसऱ्यांदा दार वाजवायचं होतंस, कालिंदी. ओरडायचं होतंस माझ्यावर. तुझ्या-माझ्यात एवढं चालतं. असं न विचारता आत यायचं नव्हतं."

दार लागलं. कालिंदीबाई घरी गेल्या. त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं गेलं नाही.

परागला मात्र हवं ते मिळालं होतं. पंचावन्न घरं, अडीच तास, एकोणपन्नास संमती, ही आकडेवारी त्यानं वरिष्ठांपुढे ठेवली. कायद्यात आणीबाणीचं एक कलम होतं. त्याखाली आदल्या दिवशी रेडिओवरून, भोंग्यावरून सांगून, आजारी माणसांची आणि बाळंतिणींची घरं वगळून, जिल्ह्यातले नव्वद हजार गीझर एका सकाळी रीतसर थांबवले गेले. दोन दिवसांत सत्तर टक्के कुलपं लागली. तो आदेश कसा काढायचा, कुणी सही करायची, कुठलं बटण कुणी दाबायचं, हे सगळं एकदा करून झालं.

त्यानंतर आठव्या दिवशी संध्याकाळी सहा पन्नासला ते घडलं.

कालिंदीबाई मापकासमोरच बसलेल्या होत्या. ४९.९७. मग ४९.६. मग ४९.३, इतक्या पटकन की मधले आकडे दिसलेच नाहीत. ४९.१७ ला दिवा गेला, मापकही विझला. सगळं जाळं कोसळू नये म्हणून अर्ध्या राज्यात वीज आपोआप तोडली गेली होती. त्यांचा गीझर कुलूपबंद होता, सोसायटीतले जवळपास सगळेच होते, तरी सगळी सोसायटी अंधारात बुडाली. जाळं एकच असतं, त्यात साताऱ्याचा कोपरा वेगळा कसा निघणार?

फोनवर परागचा आवाज धावत होता. "बाई, आता बोलत नाही. वीज परत आणायला लागलो की तो दुसरा धक्का देणार. तेव्हा जाळं सगळ्यात हळवं असतं."

सात वाजून एक मिनिटानं आदेश निघाला, या वेळी सगळ्या राज्यासाठी. साताऱ्यात करून झालेला असल्यामुळे त्याला अकरा मिनिटं लागली. सव्वासातला दुसरा इशारा आला, पण तोवर वीसेक लाख गीझर गप्प केलेले होते. आकडा थोडा थरथरला आणि सावरला. साडेआठपर्यंत बहुतेक जिल्ह्यांत दिवे आले.

"साताऱ्याच्या नव्वद हजारांनी काय फरक पडला?" दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं.

"पहिल्या धक्क्यात काहीच नाही," पराग म्हणाला. "दुसरा मात्र आम्ही रंगीत तालमीशिवाय पेलला नसता."

"आणि तो कोण होता?"

"माग तीन देशांतून गेलाय. पुढं पुसलेला आहे. कळेल असं वाटत नाही."

हे कालिंदीबाईंच्या मनाला फार लागलं. त्या माणसाची वही एकदा बघायला मिळावी, अशी एक विचित्र इच्छा त्यांच्या मनात राहून गेली. आठवड्यानं त्यांनी विचारलं तेव्हा राज्यातल्या संमतीचा आकडा चौसष्ट टक्क्यांवर थांबला होता. दिवे आले होते, वर्तमानपत्रांत दुसरे विषय सुरू झाले होते. उरलेले अकरा लाख गीझर तसेच होते.

निकमसाहेबांनी तक्रार मागे घेतली नाही. "काम चांगलं असेल, पण वागणं चांगलं नव्हतं," असं ते म्हणाले आणि कालिंदीबाईंना त्यात फारसं खोडण्यासारखं सापडलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीस ठाण्यात जबाब घ्यायला बोलावलं. उपनिरीक्षक जगदाळे नावाच्या तरुण बाई होत्या. कालिंदीबाईंनी सगळं सांगितलं, वेळांसकट, आणि सही केली.

"साक्षीदार म्हणून बी-२०४ लाही बोलावलंय," जगदाळे म्हणाल्या. "सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच झालाय, असं तक्रारीत आहे."

रेहाना आत आली. महिनाभर दोघी जिन्यात एकमेकींना नुसत्या वाट देत होत्या. ती शेजारच्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. जगदाळेंनी पेनानं कालिंदीबाईंकडे खूण केली.

"या तुमच्या घरच्या यंत्रात तुमच्या परवानगीशिवाय शिरल्या?"

"शिरल्या."

"तुम्हाला आधी कल्पना होती?"

"दोनदा सांगायला आली होती. मी लक्ष दिलं नाही. पण शिरताना विचारलं नाही तिनं."

जगदाळेंनी लिहून घेतलं. "त्रास झाला?"

"झाला. बाळंतीण घाबरली. मला रडू आलं."

कालिंदीबाईंना राहवलं नाही. "रेहाना, मी तेव्हा बी-२०४ वर थांबले होते. कळत होतं मला, की हे करू नये. तरी केलं. माझं चुकलं."

रेहानानं मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं, महिन्यात पहिल्यांदा. मग पुन्हा टेबलाकडे वळली.

"मग तुमची वेगळी तक्रार नोंदवून घेऊ का?" जगदाळेंनी पेन उचललं.

"राग आहे, बाईसाहेब. अजून आहे," रेहाना म्हणाली. "तक्रार नाही."

जगदाळेंनी तेवढंच लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. रेहानानं सही करायला हात पुढे केला, पर्स चाचपली, मग कालिंदीबाईंच्या समोर उताणा हात धरून म्हणाली, "चष्मा दे तुझा. माझा घरी राहिला."